थांब म्हटल्यावर

दहिवली, कर्जत
२ डिसेंबर १९८४

सहदेव,

तुझ्या गजादादाचा तुला आशीर्वाद. भात झोडून झालं. खालच्या खाचरात वाल टाकलाय, दोन पानांवर आलाय. काकी बरी हाय, गुडघा दुखतो म्हणते आणि तरी नदीवर जाते. माझं ऐकत नाय. तुझी आई हाय, तूच एकदा लिव.

आज लिवायला बसलो ते कारखान्याचं सांगायला. लोधिवलीच्या पुढं आमच्याकडं तू कॉम्प्युटर बसवून गेलास त्याला वर्ष होत आलं. पत्रा दाबायची मशीनं आता एका टेबलावरनं चालतात. खटका ज्या नंबरवर फिरवला त्या मशीनला हिरवं बटण चालू करतं आणि लाल बटण थांबवतं. लोक अजून मला विचारतात, हे तुझ्या चुलतभावानं केलं का रं? मी हो म्हणतो आणि छाती पुढं काढतो.

दिवाळीत तीन नंबरचं नवं मशीन आलं ते तुला ठाऊक हाय. त्याची एक खोड सांगतो. कधी कधी लाल बटण दाबलं तरी ते लगेच थांबत नाय. आणखी एक ठोका मारतं, मंग थांबतं. फिटरनं ब्रेक उघडून बघितला, ब्रेक चांगला हाय. मी आठ दिवस ध्यान ठेवलं. सकाळी गेल्या गेल्या पहिलं तीन नंबर चालवलं, तर दिवसभर नीट थांबतं. पण आधी दोन नंबर चालवून मंग तीनवर आलो, का त्या दिवशी जास्तीचा ठोका ठरलेला. एकदा नाय, चार वेळा बघितलं.

मला तुझ्यातलं काय कळत नाय. पण कॉम्प्युटरला सकाळचं काम ध्यानात राहातं का रं?

मैना आणि पोरं खुशाल.

तुझा,
गजादादा


मुलुंड, मुंबई
९ डिसेंबर १९८४

ति. गजादादास सहदेवचा नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आईला वेगळं लिहितो आहे.

तू विचारलंस, म्हणून थोडं सांगतो. आपण ही मशीनं चालवायला स्वतःची एक लहानशी भाषा केली आहे. आपण म्हणजे खरं तर मीच. तिच्यात 'मशीन, थांब' एवढंच लिहायचं. कुठलं मशीन, हे लिहिताना ठरत नाही. तू बटण दाबतोस त्या घटकेला ठरतं. खटका ज्याच्यावर असेल त्या मशीनचं 'थांब' कॉम्प्युटर तेव्हाच्या तेव्हा शोधतो आणि तेच चालवतो. म्हणून तीन नंबर आलं तेव्हा जुन्या प्रोग्रामला हात लावावा लागला नाही. त्याचं स्वतःचं 'थांब' नुसतं शेजारी नेऊन ठेवलं. उद्या दहा मशीनं आली तरी तसंच. साहेब म्हणतात, असं काम परदेशात आत्ता कुठे चाललं आहे. ह्या शोधाशोधीत वेळ फार जातो, ही तिची एक अडचण होती. त्यावरही मी युक्ती काढली आहे.

ठोक्याचं म्हणशील तर ब्रेक नवा आहे, बसायला थोडे दिवस लागतात. तरी तू असं कर. रोज वीज आली की सगळ्यांत आधी तीन नंबर चालवायचं, मग बाकीची. एवढं पाळलंस की त्रास होणार नाही. फिटरला किंवा तुमच्या साहेबांना सांगत बसू नकोस. उगाच पुन्हा ब्रेक उघडतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सहदेव


दहिवली
२० डिसेंबर १९८४

सहदेव,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसं करतोय. सकाळी पहिलं तीन नंबर. आठ दिवसांत एकदाही जास्तीचा ठोका नाय. तू मुंबईत बसून ओळखलंस, याचं मला मोठं नवल वाटलं.

मैनाला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ब्रेक नवा म्हणून होत असंल तर सकाळी कुठलं मशीन चालवलं याच्याशी ब्रेकचा काय संबंध? मी म्हटलं, अगं, तो शिकलेला माणूस हाय, त्यानं सांगितलंय ना.

एक विचारायचं राहिलं. दुपारच्या पाळीला शुक्रा असतो, वावर्ल्याकडचा, चांगला माणूस हाय. त्याला हे सांगू का? तू कुणाला सांगू नको लिवलंस, म्हणून थांबलोय.

वाल वीतभर आलाय. शेंग धरली की मडक्यात शेंगा भरून आगटीत पोपटी लावू. तवा ये. गेल्या साली पण आला नाहीस.

गजादादा


मुलुंड
६ जानेवारी १९८५

ति. गजादादास,

उशीर झाला, रागावू नकोस. जर्मनीहून पाहुणे यायचे आहेत, वीस तारखेपर्यंत ऑफिसात मान वर करायला सवड नाही. त्यांना आमची भाषा किती वेगानं चालते ते दाखवायचं आहे. त्यांना पटलं, तर दोन वर्षं मला तिकडे नेतील. आईला इतक्यात बोलू नकोस, ती रडायला लागेल.

शुक्राला सांग, पण सहज बोलल्यासारखं सांग. आधी तीन नंबर चालवायची सवय ठेव, एवढंच म्हण. कारण सांगायची गरज नाही.

रविवारी, २७ तारखेला, मी नवा प्रोग्राम घेऊन कारखान्यात येतो. मग कुठलंही मशीन आधी चालवा, काळजी नाही. तिथून घरी येईन. पोपटी तेव्हाच लावू.

तुझा,
सहदेव


पनवेल
२५ जानेवारी १९८५

सहदेव भावजी यांना मैनाचा नमस्कार.

हे पत्र मी दवाखान्यातून लिहिते. तार केली असती, पण तुमच्या खोलीचा पत्ता घरी राहिला. आज शुक्राभाऊंनी आणून दिला.

मंगळवारी कारखान्यात ह्यांचा उजवा हात तीन नंबर मशीनमधे गेला. चार बोटं गेली. अंगठा राहिला आहे. डॉक्टर म्हणतात, जखम भरून येईल, ताप उतरला आहे.

शुक्राभाऊ तिथं होते. त्यांनी सांगितलं ते लिहिते. सकाळी ह्यांनी रोजच्यासारखं पहिलं तीन नंबर चालवलं. मग घाईचं काम होतं म्हणून दुसऱ्या पाळीलाही थांबले. दोनच्या सुमारास वीज गेली. हे भाकर खायला बाहेर गेले. वीज आली तेव्हा शुक्राभाऊंनी दोन नंबर चालवून थांबवलं, आधी तीन चालवायचं हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. हे परत आले, खटका तीनवर फिरवला आणि कामाला लागले. पत्रा वाकडा बसला. ह्यांनी लाल बटण दाबलं आणि पत्रा काढायला हात घातला. बटण दाबलं ते शुक्राभाऊंनी डोळ्यांनी बघितलं. ते माणूस तिथंच बसून रडत होतं.

हे शुद्धीवर आले तवा पहिलं बोलले, "सहदेवला कळव, वीज गेली होती."

मी म्हटलं, "म्हंजे काय?" तर म्हणाले, "त्याला कळंल."

मला त्याचा अर्थ लागला नाही. तुमाला लागला तर कळवा. तुमची वाट बघतात.

मैना


मुलुंड
१ फेब्रुवारी १९८५

सौ. मैनावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दादावर असा प्रसंग यावा, ह्यावर विश्वास बसत नाही. मी धावत यायला हवं होतं, पण रजा मिळत नाही. पाहुण्यांचं काम लांबलं आहे. दादाला म्हणावं, मनानं खचू नकोस. औषध वेळेवर घ्या.

वीज गेल्याचं त्याला काय म्हणायचं होतं ते मलाही नीटसं कळलं नाही. त्या वेळी तापात असेल.

आईला तुम्ही सांभाळा. शक्य होईल तेव्हा येतो.

आपला,
सहदेव


दहिवली
२४ मार्च १९८५

सहदेव भावजी,

ह्यांना घरी आणून महिना झाला. तुमी आला नाहीत. मी कळवणार नव्हते, पण आता लिहिते.

कारखान्यात चौकशी झाली. साहेबांनी ह्यांच्या पुढं सांगितलं, मशीन तपासून घेतलं, आधी दोन चालवून मग तीनही चालवून बघितलं, बरोबर थांबतं. कॉम्प्युटरवाल्या कंपनीनं लिहून दिलं आहे की प्रोग्रामात काही दोष नव्हता. म्हणजे कामगारानं मशीन थांबायच्या आत हात घातला. निष्काळजीपणा. ह्यांना कामावरून काढलं. तो कागद शुक्राभाऊंनी वाचला. खाली सही तुमची आहे.

आणखी ऐका. शुक्राभाऊ म्हणाले, २७ तारखेला रविवारी तुमी कारखान्यात आला होता. कॉम्प्युटरसमोर दोन तास बसलात. चहा पण घेतला नाहीत. त्या दिवशी हे पनवेलला दवाखान्यात होते. तुमी १ तारखेच्या पत्रात लिहिलंत, रजा मिळत नाही.

मी चार इयत्ता शिकले. तरी दोन आणि दोन मला जोडता येतात. त्या रविवारनंतर मशीन नीट थांबायला लागलं. मग त्याच्या आधी काय होतं?

तुमची पत्रं घरात आहेत. आधी तीन नंबर चालव, कुणाला सांगू नको, असं तुमच्या अक्षरात आहे. मी म्हटलं, ही चौकशीत दाखवते. ह्यांनी माझ्याकडून डाव्या हातानं काढून घेतली. म्हणाले, "त्याची नोकरी जाईल, मैना. घरात एकच शिकला." मी खूप भांडले. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढं कधी भांडले नव्हते.

काकींना मी काही सांगितलं नाही. त्या रोज मला विचारतात, सहदेवचं पत्र आलं का.

मैना


मुलुंड
७ एप्रिल १९८५

ति. गजादादास,

वहिनींच्या पत्राला चौदा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि फाडतो. आज जे आहे ते लिहितो.

तुला मी सांगितलं होतं, बटण दाबलं की कॉम्प्युटर त्या त्या मशीनचं 'थांब' शोधतो. त्या शोधण्यात वेळ जातो. माझी युक्ती अशी होती की एकदा शोधलं, की कुठे सापडलं ते टिपून ठेवायचं. पुढच्या वेळी न शोधता थेट तिथेच जायचं. मात्र जाण्याआधी एकदा बघायचं असतं, आता समोर तेच मशीन आहे की दुसरं. दुसरं असेल तर टिपलेलं टाकून नव्यानं शोधायचं. हे बघणं मी काढून टाकलं. एक आणि दोन नंबर अगदी सारखी होती, दोघांचं 'थांब' एकच, त्यामुळे कुठेच काही बिघडत नव्हतं. आणि वेग वाढला. पाहुण्यांना तो आकडा दाखवायचा होता.

मग तीन नंबर आलं. दोन नंबरला थांबवायला नुसता क्लच सोडला की पुरतं. तीन नंबर जड आहे, त्याला क्लच सोडून वर ब्रेक लावावा लागतो. वीज आल्यावर पहिलं दोन नंबर थांबवलं, की कॉम्प्युटर दोनचं 'थांब' टिपून ठेवायचा आणि तीनला तेच लावायचा. क्लच सुटायचा, ब्रेक लागायचाच नाही, आणि मशीन आपल्या वजनानं आणखी एक ठोका मारायचं. पहिलं तीन थांबवलं तर तीनचं टिपलं जायचं, ते दोनला लावलं तरी काही बिघडत नव्हतं. वीज गेली की टिपलेलं सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा जे पहिलं येईल ते.

तुझ्या पहिल्या पत्रात हे सगळं होतं. माझ्या ऑफिसात सहा इंजिनिअर आहेत, त्यांच्यापैकी कुणाला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. पत्र वाचलं आणि दहा मिनिटांत मला कळलं. ब्रेक नवा आहे, हे मी खोटं लिहिलं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती त्याच आठवड्यात केली असती, तर वेग कमी झाला असता आणि साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. पाहुणे गेल्यावर गुपचूप करू, असं ठरवलं. दीड महिना तुझ्या हाताच्या भरवशावर काढला.

२७ ला आलो ते खरं आहे. ती ओळ घातली. मशीन सहा वेळा थांबवून बघितलं. तिथे फरशी धुतलेली होती. परत जाताना एसटी पनवेलला वीस मिनिटं उभी राहिली. दवाखाना स्टँडच्या मागे आहे, हे मला ठाऊक होतं. मी उतरलो नाही.

त्या कागदावर सही करताना मी स्वतःला सांगितलं, 'आता दोष नाही, हे तर खरंच आहे.' कागदावर 'नव्हता' असं लिहिलेलं होतं.

माझी पत्रं कामगार कार्यालयात दे. तुला माझी शपथ आहे.

सहदेव


दहिवली
१९ मे १९८५

सहदेव,

डाव्या हातानं लिवतोय. तीन दिवस लागले. वाचता येईल तेवढं वाच.

तुझं पत्र मैनानं वाचलं. मंग मी वाचलं. ब्रेकचं तू खोटं लिवलंस हे मला तवाच कळलं होतं. मैनानं विचारलं त्या दिवशीच. मी स्वतःला समजावलं. तेवढी चूक माझी.

शपथ घालू नकोस. तुझी पत्रं मी देणार नाय. तुला सांगायचं असंल तर तुझ्या तोंडानं सांग. आम्ही कामगार कार्यालयात अर्ज केलाय. १२ जूनला पनवेलला तारीख हाय, सकाळी अकराला. शुक्रा येणार हाय.

आलास तर आलास.

गजा


मुलुंड
३० जून १९८५

ति. गजादादास,

त्या दिवशी सगळं तुझ्यासमोरच झालं, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. त्या अधिकाऱ्यांनी मला दोनदा विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं?" दुसऱ्यांदा हो म्हणताना मी तुझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. तू खिडकीतून बाहेर बघत होतास. हात पंचाखाली होता.

कंपनीनं राजीनामा मागितला, दिला. जर्मनीला माझ्या जागी दुसरा गेला. तुझ्या अपघातानंतर घातलेली ती ओळ तरी प्रोग्रामात राहू द्या, असं मी त्याला सांगून आलो. तो हो म्हणाला. मुलुंडलाच एका क्लासात मुलांना शिकवतो आहे. पुढचं अजून ठरलं नाही.

तुझ्या बाजूनं निकाल लागेल असं तिथला कारकून म्हणाला. लागला तरी जे गेलं ते परत येत नाही, हे मला कळतं. क्षमा हा शब्द लिहिला आणि खोडला. खाली दिसत असेल.

बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. मी तिथूनच स्टँडवर गेलो.

सहदेव


दहिवली
१७ नोव्हेंबर १९८५

सहदेव,

निकाल लागला. माझा दोष नाय असं त्यांनी लिवून दिलं. कारखान्यात परत घेतलं, गेटवर. हजेरी मांडतो. अक्षर आता बरं येतं, तू बघतोयस.

गेल्या सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. तीन नंबरवर नवा माणूस बसवायचा होता, कोंडिवड्याचा बुधाजी म्हणून. तो म्हणाला, गजाभाऊ उभे राहिल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाय. म्हणून गेलो. त्याला म्हटलं, "आधी दोन चालव." त्यानं चालवलं, थांबवलं. "आता तीनवर ये." आला. "दाब लाल." मशीन जागच्या जागी थांबलं. वीज बंद करून परत लावायला सांगितली, परत तसंच केलं. तरी मी त्याला म्हटलं, "हात घालायच्या आधी दहा मोज." तो मोजतो.

मी लांबच उभा होतो. जवळ जाववलं नाय.

पनवेलला तू एकटा उभा राहून बोललास ते मी सगळं ऐकलं. तुझ्याकडं बघितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि समोर कारखान्याचे साहेब बसले होते. एवढंच कारण होतं. मैनाचं मी सांगू शकत नाय. ती तुला वाढील, पण तुझ्याशी बोलेल का नाय ते तिचं तिला ठाऊक. तू तिच्याकडून ते मागू नकोस.

माझं विचारशील तर खोटं लिवत नाय. रोज जेवायला बसलो, डाव्या हातानं घास घेतला, का तुझी आठवण येते. ती आठवण चांगली नसते. कधी कधी घास तसाच ठेवून उठतो. पहिल्यासारखं होईल असं मला वाटत नाय, आणि तू पण तशी आशा धरून बसू नकोस. पण काकी आता अंगणापर्यंत चालते, तिथंच बसते, फाटकाकडं तोंड करून. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "त्यानं केलं ते केलं, म्हणून काय घर विसरायचं?"

तर ये. रविवारी ये, मी घरी असतो.

आलास का, तू बघू नयेस म्हणून मी हात पंचाखाली झाकणार नाय. बघ.

गजादादा